रेडिएटरचा फॅन फिरंना: डायरेक्ट स्विच, मोटार रिपेअर की नवी मोटार?

मे महिन्यात परभणी-जालन्याकडं पारा ४३ च्या वर गेला की ऑटो इलेक्ट्रिशियनकडं एकाच तक्रारीची गर्दी असते, गाडी सिग्नलला उभी राहिली की काटा वर चढायलाय, एसी गरम हवा फेकायलाय, अन् हायवेला ८० नं पळवली की सगळं नॉर्मल. असं होत असंल तर पहिला संशय फॅनवरच घ्या. पळत्या गाडीत समोरून येणारी हवाच रेडिएटर गार करते, फॅनचं खरं काम उभ्या गाडीत, ट्रॅफिकमधी, नाहीतर मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकमागं रांगत चढताना. बेल्टवर फॅन असलेल्या जुन्या डिझेल गाड्यांचं प्रकरण वेगळं, ते इथं नको.

आता दुकानात गेलात की तीनपैकी एक ऐकायला मिळतं: "डायरेक्ट करून देतो" (म्हणजे सेन्सर सोडून फॅन हातानं लावायचा स्विच), "मोटार खोलून कार्बन टाकू" (म्हणजे फॅनच्या मोटारीतले झिजलेले ब्रश बदलू), नाहीतर सरळ "नवी टाका". तिन्ही बरोबर असू शकतात, पण बिघाड कुठं आहे हे बघितल्याशिवाय एकाही गोष्टीला हो म्हणू नका राव, कारण शे-दोनशेचा रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) गेलेला असताना काही हजारांची मोटार बदलून घेणारे लई बघितलेत.

बघायचं कसं, तर इंजिन थंड असताना आधी कूलंटची (रेडिएटरमधल्या पाण्याची) लेव्हल बघा, कारण लेव्हल उतरली की तापमान बघणारा सेन्सर कोरडा पडतो अन् त्याला गरमी कळतच नाही. मग गाडी चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागायला पाहिजे. एसीवर लागला पण गरम झाल्यावर लागंना, तर मोटार चांगली आहे, सेन्सर नाहीतर त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लग) बघा. कशावरच लागंना तर फ्यूज, मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असंल तर तो फॅनच्या जागी लावून बघा, पाच मिनिटाचं काम आहे. शेवटी मोटारीचा कपलर काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटारीला हात लावायचा नाही, वायरिंग अन् अर्थिंग शोधा. काही नव्या गाड्यांत फॅनवरच कंट्रोलर असतो, तिथं ही डायरेक्टची टेस्ट करू नका, स्कॅनर लावून घ्या. अन् हात पात्यांपासून लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक लागतो. गरम गाडीचं रेडिएटरचं कॅप तर उघडायचंच नाही.

डायरेक्ट स्विचचं म्हणाल तर बीडहून सोलापूरला निघालात अन् मधीच सेन्सर गेला, अशा वेळी याच्यासारखा स्वस्त अन् झटपट उपाय नाही. पण बरेच जण डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचमधूनच मोटारीचा सगळा करंट नेतात, तो १५-२० अँपिअर असतो अन् चालू होताना त्याहून जास्त, वायर तापून वितळते. करायचंच असंल तर वेगळा रिले लावा: रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, ८७ वरून फॅन, अन् स्विचनं फक्त ८५-८६ ची कॉइल ओढायची. तरी हा घरी पोचायचा जुगाड आहे. एकदा स्विच लावायचा विसरलात की हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) जाऊ शकतं, अन् तो खर्च मोटारीच्या कितीतरी पट. गाडी घरात दोघं-तिघं चालवत असतील तर मी तर नकोच म्हणंन.

मोटार खरंच गेली असंल, म्हणजे डायरेक्टवरही फिरंना, नाहीतर काठी लावून ढकलल्यावरच फिरायलीय, तेव्हाच रिपेअर का नवी हा प्रश्न. ढकलल्यावर फिरती म्हणजे बहुतेक कार्बन झिजलेत, आर्मेचर (मोटारीतला फिरणारा तारांचा भाग) काळं नसंल तर कार्बन बदलून काम स्वस्तात भागतं. जळका वास येत असंल, बुश (मोटारीचा दांडा धरणारी कडी) ढिली होऊन पाती एकीकडं घासत असतील, तर रिवाइंडिंगच्या (तारा नव्यानं गुंडाळण्याच्या) नादी लागू नका, उन्हाळाभर टिकंल याची खात्री कुणीच देत नाही. तिथं नवीच घ्या, कंपनीची परवडत नसंल तर चांगल्या मेकची लोकल, पण पाती अन् अँपिअर जुन्याशी जुळवून. हलकी मोटार आवाज तेवढाच करते, हवा कमी ओढते.

अजून एक भानगड, दोन स्पीडच्या फॅनमधी रेझिस्टर (स्लो स्पीडसाठी करंट कमी करणारा भाग) जळला की स्लो स्पीड बंद होतो, फॅन लागतो पण लई उशिरा, एकदम फुल्ल. इथंही बरेच जण मोटारच बदलतात.

भंगारातली मोटार घेणार असाल तर तिथंच बॅटरी लावून पाच मिनिटं फिरवून बघा, मग बंद करून पातं हातानं हलवून बघा, खडखड लागली तर जागेवरच परत द्या.