धरणाला विरोध की पर्यायी गाव: कुर्द पर्यावरणवादाच्या दोन वाटा

अमेरिकी विचारवंत मरे बुकचिन यांची सामाजिक परिसरविज्ञानाची मांडणी, म्हणजे निसर्गाची लूट माणसाने माणसावर गाजवलेल्या सत्तेतून जन्मते हा विचार, तुर्कस्तानातील कुर्द चळवळीचे नेते अब्दुल्ला ओजलान यांनी तुरुंगात स्वीकारला. तो प्रत्यक्षात आणण्याच्या वाटा मात्र तुर्कस्तानात आणि सीरियात वेगळ्या झाल्या.

तुर्कस्तानात ती प्रतिकाराची वाट होती. तैग्रिस नदीवरील इलिसू धरणाविरुद्ध स्थानिकांनी इतका चिवट लढा दिला की २००९ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी धरणासाठी दिलेली कर्जहमी मागे घेतली. तरीही सरकारने देशांतर्गत पैशावर धरण पूर्ण केले आणि २०२० मध्ये नदीकाठचे हजारो वर्षांचे हसनकैफ हे गाव पाण्याखाली गेले. ही हानी भरून येणारी नाही.

रोजावात, म्हणजे सीरियाच्या उत्तरेकडील कुर्दबहुल प्रदेशात, कुर्द चळवळीच्या सत्ताच हाती आल्याने उभारणीची वाट खुली झाली. सीरियातील बाथ पक्षाच्या राजवटीने यातला जझिरा भाग गव्हाच्या एकपिकाला जुंपला होता. तिथे सहकारी शेती, रोपवाटिका आणि २०१८ मध्ये खुले झालेले जिनवार हे स्त्रियांचे मातीच्या घरांचे गाव उभे राहिले. पण याच प्रदेशाचा कारभार खनिज तेलाच्या उत्पन्नावर चालला, आणि गावठी शुद्धीकरण भट्ट्यांच्या धुराने तिथल्याच लोकांचे श्वास कोंडले.

माझ्या मते पहिल्या वाटेची नैतिक बाजू अधिक स्वच्छ आहे. दुसरीची कसोटी मात्र अधिक कठीण, कारण तिथे तेलविहिरीचे काय करायचे हे चळवळीलाच ठरवावे लागले.