भिंतीत नीट न बसणारा अ‍ॅडॅप्टर: २६ दिवसांच्या वापरानंतरचा अभिप्राय

परदेश प्रवासासाठी घेतलेल्या वस्तूंपैकी सर्वांत कमी विचार करून घेतलेली आणि सर्वांत जास्त वेळा हाताळावी लागलेली वस्तू म्हणजे हा युनिव्हर्सल ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टर. साबणाच्या वडीपेक्षा थोडा जाड असा हा ठोकळा असून त्याच्या बाजूला तीन सरकपट्ट्या आहेत, आणि जी पट्टी पुढे ढकलावी त्या देशाच्या पिना बाहेर येतात. ब्रिटन, इटली, स्वित्झर्लंड आणि जपान या चार देशांतील एकूण नऊ खोल्यांमध्ये मी तो वापरला. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या जातीच्या कोणत्याही अ‍ॅडॅप्टरला लागू पडतील.

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या यादीत प्लगचे ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत १५ प्रकार आहेत. या ठोकळ्यात पिनांचे संच चारच आहेत: ब्रिटिश, युरोपीय, अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन, त्यातला शेवटचा अमेरिकी पिना किंचित फिरवून तिरक्या केल्या की तयार होतो. सगळ्या जगाला एकच प्लग असावा म्हणून याच आयोगाने १९८६ मध्ये एक मानक प्रसिद्धही केले होते, पण दक्षिण आफ्रिका आणि काही बदलांसह ब्राझील वगळता ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. भिंतीत एकदा बसवलेले सॉकेट कोण कशाला उपटून काढेल? त्यामुळे ‘युनिव्हर्सल’ हा शब्द वेष्टनावर कितीही मोठ्या अक्षरांत छापलेला असला तरी तो सैलपणेच वाचावा.

ब्रिटनमध्ये त्याचे काम चोख झाले. तेथील तीन चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते आणि ती आत गेल्याशिवाय सॉकेटमधले झडप उघडत नाही. अ‍ॅडॅप्टरमधली ती पिन नुसती प्लास्टिकची असली तरी झडप उघडण्याचे काम करते. म्हणजेच अर्थिंग मात्र मिळत नाही, आणि ही गोष्ट माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर तळाशी लिहिलेली आहे. तक्रार करायची ती माझीच: बहुतेक ब्रिटिश सॉकेटला स्वतःचे बटण असते, ते दाबायला मी पहिल्या रात्री विसरलो आणि सकाळी मृत फोन हातात घेऊन गाडीची वेळ भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर गाठली.

इटलीतल्या हॉटेलात याच्या उलट झाले. खोलीचे कार्ड दाराजवळच्या खाचेत असेपर्यंतच वीज चालू राहत होती. संध्याकाळी फोन चार्जिंगला लावून आणि कार्ड खिशात घालून बाहेर पडलो, दोन तासांनी परतलो तर फोन होता तिथेच, १८ टक्क्यांवर. अ‍ॅडॅप्टरचा यात काही दोष नव्हता, तरी त्या रात्री त्याच्या निळ्या दिव्याकडे पाहत असताना पहिल्यांदा मनात आले, की घरी पलंगाच्या उशाशी असलेल्या चार्जरविषयी मी आजवर एकदाही विचार केलेला नाही. तो लावला की लागतो, मी खोलीत असलो काय आणि नसलो काय. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडून कसलेही लक्ष मागितले नाही, म्हणून मीही ते दिले नाही. निळा दिवा मात्र फारच प्रखर आहे; त्यावर मोजा घालून झोपावे लागते.

वस्तू म्हणून तो खरा उघडा पडला स्वित्झर्लंडमध्ये. तेथील सॉकेट षटकोनी खळग्यात आत बसवलेले असते. ठोकळ्याच्या पिना योग्य मापाच्या असूनही त्याचे रुंद अंग खळग्याच्या कडेला अडते आणि पिना आतपर्यंत पोहोचतच नाहीत. अर्धा तास वेगवेगळ्या कोनांतून ढकलून पाहिल्यावर मी खाली स्वागतकक्षात गेलो. तेथील बाईंनी काही न विचारता एक खण उघडला. त्यात आधीच्या प्रवाशांनी विसरलेले, एकमेकांत गुंतलेले कितीतरी प्लग होते. त्यांतून त्यांनी खळग्यात बसणारा एक चपटा दोन पिनांचा जोड काढून दिला. वेष्टनावर स्वित्झर्लंडचे नाव छापणाऱ्या कंपनीने हा खळगा एकदा पाहायला हवा होता.

जपानमध्ये अमेरिकी धाटणीच्या चपट्या पिना सहज बसल्या, पण तेथे घरगुती वीज १०० व्होल्टची असते. हा अ‍ॅडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे मला माहीत होते आणि तरीही मी प्रवासी इस्त्री लावून पाहिली. २३० व्होल्टवर १००० वॅट खेचणारी इस्त्री १०० व्होल्टवर जेमतेम १९० वॅटवर येते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. इस्त्री कोमट झाली आणि तिथेच थांबली. सदऱ्याच्या कॉलरवरची घडी तिच्याखालून तशीच्या तशी बाहेर आली. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते, त्यांना काही फरक पडत नाही. उलट दिशेचा प्रवास अधिक धोक्याचा आहे: केवळ १२० व्होल्टचे हेअर ड्रायर २३० व्होल्टला जोडले तर ते जवळजवळ पावणेचारपट शक्ती खेचू पाहते, आणि अ‍ॅडॅप्टर ते निमूटपणे जोडू देतो.

आता या अभिप्रायाच्या कक्षेबाहेरची वाटेल अशी एक गोष्ट, जी माझ्या मते कक्षेतलीच आहे. नवव्या खोलीत रात्री पाणी पिण्यासाठी उठलो तेव्हा माझा हात आठव्या खोलीतल्या बटणाच्या जागी गेला. तिथे कोरी भिंत होती. तळहात भिंतीवरून फिरवत, टेबलाच्या कोपऱ्याला गुडघा लावत मी दारापर्यंत गेलो आणि बटण सापडले ते स्नानगृहाचे. घरी याच अंधारात मी वर्षानुवर्षे चाललो आहे. पलंगापासून दारापर्यंतची पावले, बटणांच्या ओळीतले डावीकडून दुसरे बटण, त्याच्या वरच्या कडेचा गेलेला टवका, हे सगळे माझ्या हाताला पाठ आहे आणि मला त्याची खबरही नव्हती. प्रवासात मी डोंगर पाहिले, संग्रहालये पाहिली, रेल्वेचे वक्तशीरपण पाहून चकितही झालो, आणि त्या आनंदात काडीचीही खोट नव्हती. तरीही त्या रात्री थंड फरशीवर उभा असताना ज्याची आठवण आली ते एक टवका गेलेले बटण होते. त्याला कृतज्ञता म्हणावे की नुसती सवय, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. पण कुणाचे तरी देणे लागतो आणि ते कधी मोजलेच नाही, असे स्पष्ट वाटले.

पुन्हा वस्तूकडे वळतो. वजनामुळे ठोकळा सैल सॉकेटमधून हळूहळू खाली ओघळतो, म्हणून त्याला थेट मोठा चार्जर लावू नये. त्याऐवजी घरचा एक लहान एक्स्टेन्शन बोर्ड सोबत घ्यावा, म्हणजे भिंतीशी झगडा एकाच ठिकाणी करावा लागतो आणि बाकी सगळे प्लग घरच्यासारखे लागतात. फक्त अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेली ८ अ‍ॅम्पिअरची मर्यादा ओलांडू नये आणि अर्थिंग आवश्यक असलेली उपकरणे त्यावर लावू नयेत. यूएसबीची दोन छिद्रे कामाची आहेत, पण दोन्ही एकदम वापरली तर चार्जिंग मंदावते. ब्रिटिश पिनांची सरकपट्टी तिसऱ्या आठवड्यात अडकू लागली. पाचपैकी तीन तारे, आणि त्यातला एक तारा स्वागतकक्षातल्या त्या खणाला द्यायला हवा.

परतल्यावर पहिल्या रात्री बॅगेतून चार्जर काढला तेव्हा तो अजून ठोकळ्यातच खोचलेला होता. ओढून वेगळा केला, अंधारातच उशाशी लावला, आणि दिवा न लावता पाणी पिऊन आलो. ठोकळा आता बहिणीकडे आहे, ती पुढच्या महिन्यात निघते आहे. तिला सोबत मोजाही दिला आहे.