घरकुल की जाळरेषा?

मोहाखालचा पाला जाळायला लावलेली आग यंदा पांदणीपर्यंत आली. तेव्हापासून काकाचा एकच प्रश्न: घरकुल घेऊन गवती छप्पर काढावं, की वन समितीच्या निधीतून गावाभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, मागावी?

घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, तेही हप्त्यांनी. अनुदानाबाहेरचा खर्च आपलाच. जाळरेषेला पदरचा पैसा नाही, पण गवत दरवर्षी वाढतं, ती दरवर्षी काढावीच लागते. टिकायला स्लॅबच सरस. मात्र ठिणगी आधी पडते तणसीच्या (भाताच्या पेंढ्याच्या) ढिगावर, आणि काकाचा ढीग भिंतीपासून जेमतेम हातभर! तो आधी हलवा.

छप्पर गवती आणि यादीत नाव असेल, तर घरकुल घ्या. कवेलूची (मातीच्या कौलांची) घरं जंगलाला लागून असतील, तर ग्रामसभेत जाळरेषेचा ठराव मांडा.