मेनूत कोडने बदल: आयटम्स फिल्टर की ऑब्जेक्ट्स फिल्टर?

दादरच्या एका साडीच्या दुकानाची वर्डप्रेस साइट करतेय, त्यात दोन्ही फिल्टर (मेनू पानावर दिसायच्या आधी तो आपल्या कोडने बदलू देणारी वर्डप्रेसची सोय) वापरून बघितले. नुसती लॉगिनची लिंक शेवटी चिकटवायची असेल तर डब्ल्यूपी नॅव्ह मेनू आयटम्स बेस्ट, कारण तिथे तयार एचटीएमएलची स्ट्रिंग (सलग मजकूर) हातात येते, पुढे एक एलआय (यादीतल्या एका आयटमचा टॅग) जोडला की झालं, फक्त थीम लोकेशन (मेनू थीममध्ये कुठे दिसतो ती जागा) तपासा नाहीतर फूटरमध्येपण लॉगिन दिसतं. पण 'होलसेल रेट' हा मेनू आयटम लॉगिन नसलेल्यांपासून लपवायचं होतं, तिथे स्ट्रिंग कापत बसू नका, डब्ल्यूपी नॅव्ह मेनू ऑब्जेक्ट्सच घ्या, एचटीएमएल बनायच्या आधीच आयटम्सचा अ‍ॅरे (यादी) मिळतो, नको ते अनसेट करायचं, म्हणजे त्यातून काढून टाकायचं. फक्त सबमेनूपण काढा हां, आई (वरचा मुख्य आयटम) गेली की पोरं मेनूच्या शेवटी उघडी पडतात.