नॉस्लर पार्टिशन, १८० ग्रेन: पाच हंगामांनंतरचा अभिप्राय

कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीचा परवाना काढणाऱ्या मराठी मंडळींची संख्या फार नाही, पण जी आहेत ती थर्टी-ऑट-सिक्स या मापाची रायफल घेतल्यावर हमखास एकच प्रश्न विचारतात: काडतूस कोणत्या गोळीचे घ्यावे? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्गच बंद झाल्यामुळे आपल्याकडे या बाबतीत घरातून काही कानावर पडलेले नसते. म्हणून पाच हंगाम वापरलेल्या नॉस्लर पार्टिशन या गोळीविषयी जरा सविस्तर लिहीत आहे.

एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुल या हरणाचा जवळचा नातेवाईक, मात्र पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्याही वर भरतो. त्याच्या खांद्याचे हाड, जाड बरगड्या आणि ओली, दाट स्नायूंची भिंत ओलांडून गोळीला फुप्फुसांपर्यंत पोहोचायचे असते, आणि वाटेत फुलायचेही, म्हणजे टोक उलटून रुंद व्हायचेही असते. न फुललेली गोळी सुईसारखी आरपार जाते व जनावर मैलभर चालत राहते. फार लवकर फुललेली गोळी खांद्यातच चुरा होऊन थांबते. कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी गोळी फुलणारीच असावी लागते, वजन किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) आणि १०० यार्डांवर जोर, म्हणजे आदळण्याची ऊर्जा, किमान १००० फूट-पौंड. (कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्याचे नाव लागलेली हीच जातकुळी १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात निषिद्ध ठरवली होती, जनावराच्या बाबतीत मात्र लवकर मरण येणे हीच दया असल्याने कायदा नेमका उलट आहे.)

साध्या सॉफ्ट पॉइंट गोळीत तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आणि आत शिसे असते. टोकाशी कवच पातळ ठेवलेले असल्याने ओल्या मांसाचा दाब आत शिरताच ते कापसाचे बोंड उकलावे तसे मागे उलटते आणि गोळीचा व्यास दीडपट ते दुप्पट होतो. हे उलटणे कुठे थांबावे, हाच खरा प्रश्न. जॉन नॉस्लर यांना १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात त्याचा अनुभव आला: चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहूनही मोठ्या हरणावर) झाडलेल्या त्यांच्या वेगवान गोळ्या वरच्यावरच फुटल्या. त्यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. कवचाच्या मध्ये धातूची एक आडवी भिंत ठेवायची, म्हणजे पुढच्या कप्प्यातले शिसे फुलून झडले तरी मागच्या कप्प्यातले जागचे हलणार नाही. १९४८ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि ती गोळी आजही तयार होते.

माझा पहिला एल्क दुसऱ्याच एका कंपनीच्या स्वस्त, हलक्या गोळीने पाडला होता. अंतर जेमतेम ६० यार्ड, म्हणजे वेग भरपूर. गोळी खांद्यावर आदळली आणि तिथेच विखुरली. रक्ताच्या थेंबांमागे साडेतीन तास चालल्यावर दुसरी गोळी झाडता आली. त्या दुपारची लाज अजून वाटते.

पार्टिशनचा अनुभव वेगळा आहे. तिसऱ्या हंगामात २१० यार्डांवर थोडा तिरका उभा असलेला नर मिळाला. गोळी एक बरगडी मोडून दोन्ही फुप्फुसांतून गेली, जनावर साठेक पावले जाऊन बसले. कातडे सोलताना पलीकडच्या बाजूला, कातड्याच्या अगदी आत, बोराएवढी गाठ हाताला लागली, ती हीच गोळी. दिसायला मुळीच देखणी नव्हती: पुढचा अर्धा भाग फाटून मागे दुमडलेला, त्यातले शिसे जवळजवळ नाहीसे, आणि भिंतीमागचा बुंधा कारखान्यातून निघाला तसा गुळगुळीत. घरी केशर मोजायच्या काट्यावर ती ७.८ ग्रॅम भरली, म्हणजे १८० पैकी सुमारे १२० ग्रेन. जाहिरातींतल्या अळंबीसारख्या सुबक, नव्वद टक्क्यांहून अधिक वजन राखलेल्या गोळ्यांपुढे हा आकडा फिका वाटतो, पण या गोळीत पुढचा तृतीयांश भाग खर्ची पडणे हे गृहीतच धरलेले आहे. झडलेल्या तुकड्यांनी फुप्फुस फाडले आणि उरलेल्या बुंध्याने खोली गाठली. पाच हंगामांत जवळ असो वा दूर, हा क्रम एकदाही बदललेला नाही.

तक्रारीच्या जागा आहेतच. टोकाचे शिसे उघडे असल्याने वाऱ्याचा विरोध अधिक होतो. साडेतीनशे यार्डांपलीकडे झाडणाऱ्यांनी दुसरी गोळी पाहावी. किंमतही साध्या सॉफ्ट पॉइंटच्या मानाने बरीच जास्त आहे, अर्थात हंगामात प्रत्यक्ष लागणाऱ्या गोळ्या दोन-तीनच.

खरी अडचण झडलेल्या शिशाची आहे. त्याचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात, हे क्ष-किरण चित्रांतून दिसलेले आहे. असे शिसे खाऊन कॉन्डॉर गिधाडे मरतात म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. बार्न्ससारख्या कंपन्यांच्या निव्वळ तांब्याच्या गोळ्या हा पर्याय आहे. त्यांच्या पाकळ्या उलटतात, पण सहसा तुटत नाहीत. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून १८० ऐवजी १६८ किंवा १५० ग्रेनची घेऊन वेग राखावा. वेग फार उतरल्यावर या गोळ्या फुलायला कां-कू करतात.

कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीत शिशाची सक्तीची बंदी नसल्याने मी अजून पार्टिशन सोडलेली नाही. जखमेभोवतीचे वीतभर मांस मात्र निर्दयपणे कापून टाकतो, आणि घरातल्या लहान मुलांसाठी खिमा फक्त मागच्या मांडीचाच करतो.