२०-६०×८० स्पॉटिंग स्कोप: सात महिन्यांनंतर

स्पॉटिंग स्कोप म्हणजे दूरचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण. नोव्हेंबरात घेतला, आता मे संपत आलाय. बहुतेक वापर भिगवणला, उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावर. दोनतीनदा शिवडीलाही नेला. २०-६० म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ८० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. घेताना मी एकच आकडा बघितला, ६०. तिथेच चुकलो.

पहिल्याच सकाळी कुंभारगावला सूर्य समोर, आणि पाण्यावरून त्याचा उजेड पुन्हा डोळ्यात. पट्टकादंबांचा थवा दिसत होता, पण दुधात बुडवल्यासारखा. ज्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून हा पक्षी ओळखायचा, ते पट्टेच राखाडी! काच पुसली. ढिम्म फरक नाही.

रोग सापडला तो एका रायफल नेमबाज मित्रामुळे. (त्यांच्या ५० मीटर स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही, स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं तेही दुर्बिणीशिवायच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या साध्या खुणांवर. पण या गड्याला रायफल स्कोपचं सगळं तोंडपाठ.) तो म्हणाला, स्कोप उजळ आभाळाकडे कर, सूर्याकडे नाही, आणि डोळा आयपीसपासून (डोळा लावायच्या काचेपासून) फूटभर मागे घे. मधे उजेडाची गोल टिकली दिसते. तिच्याभोवती मिट्ट काळोख हवा. माझ्यात टिकलीच्या बाजूला चक्क चंद्रकोर चमकत होती. नळीच्या आतली भिंत उजेड परतवत होती.

काचेवरच्या पातळ थराचं, म्हणजे कोटिंगचं, काम वेगळं. ते नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो, म्हणून ते हवंच. पण नळीची चकाकी त्याने जात नाही. तिथे आत मॅट काळा रंग, खाचा आणि आडव्या कड्या लागतात. खोक्यावर कोटिंगचं कौतुक मोठ्या अक्षरांत, या रंगाबद्दल अवाक्षर नाही.

मग घरगुती इलाज. स्कोपचं स्वतःचं हूड (काचेवर सावली धरणारी पुढची नळी) जेमतेम तीन बोटं. कार्डपेपरला आतून काळं मखमल चिकटवून वीतभर नळी केली. रायफलवाले पुढे लांब नळी लावतात, नाहीतर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. जाळीने तेच काम कमी लांबीत होतं. सूर्य कडेला असेल तर आता पट्टे काळे दिसतात. अगदी समोर असेल तर मात्र अजूनही दूध.

आता ते ६०. ८० भागिले ६० म्हणजे डोळ्यात जाणारी उजेडाची टिकली फक्त १.३ मिलिमीटर. संध्याकाळी आपली बाहुली मोठी होते आणि त्या टिकलीत काहीच पुरत नाही, सगळं अंधुक. दुपारी उजेड भरपूर, पण तापलेली हवा थरथरते आणि पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो; ती थरथरसुद्धा ६० पट होते. सकाळी नऊनंतर मी ३५ च्या वर जात नाही. चष्मेवाल्यांनी आयपीसचं रबर दुमडून आधी बघावं, मला ६० वर कडा कापलेल्या दिसतात. होडीत स्कोप नेऊच नका, तिथे साधी ८×४२ दोन डोळ्यांची दुर्बीण बरी.

विकणार नाही. गेल्या महिन्यात शिवडीला ३० वर ठेवून मोठे आणि छोटे रोहित (फ्लेमिंगो) चोचींवरून वेगळे काढले: मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी, छोट्याची सगळीच गडद. मखमलाची नळी अर्थात लावलेलीच होती.