1:350 बिस्मार्कच्या डेकवरचं नाझी चिन्ह: जोड-डेकल, अखंड डेकल की मास्क?

1:350 मापात बिस्मार्क या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेचं मॉडेल सुमारे 72 सेंटीमीटर भरतं. वरून पाहणाऱ्याची नजर तोफांवर जायच्या आधीच पुढच्या डेकवर अडकते. तिथे लाल पट्टा, त्यात पांढरं वर्तुळ आणि वर्तुळात 45 अंशांत तिरकं काळं नाझी स्वस्तिक असतं. मागच्या डेकवरही तसंच दुसरं. ही चिन्हं शोभेसाठी नव्हती. जर्मन वैमानिकांनी आपल्याच जहाजावर बॉम्ब टाकू नयेत, एवढ्यासाठी ती रंगवलेली होती. मॉडेलवर ती उमटवायला बाजारात तीन गोष्टी मिळतात: किटमधली तुकड्यांची डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून चिकटवायची छापील पातळ फिल्म), वेगळी विकत घ्यायची अखंड डेकल शीट आणि रंग फवारण्यासाठी कापलेला मास्क, म्हणजे चिकटणारा साचा. तिन्हींची कामगिरी खूप वेगवेगळी आहे.

पैसे खर्च करण्याआधी मात्र मॉडेलची तारीख ठरवा. मे 1941 मध्ये बिस्मार्क बाल्टिकमधून निघाली तेव्हा तिच्या बाजूंवर काळे-पांढरे तिरके पट्टे होते आणि डेकवर ही चिन्हं होती. 21 मेला नॉर्वेच्या ग्रिमस्टाडफ्योर्डमध्ये नांगर टाकल्यावर पट्ट्यांवर राखाडी रंग मारला गेला. नॉर्वे सोडल्यावर डोक्यावर येणारं विमान शत्रूचंच असणार, म्हणून डेकवरची चिन्हंही झाकली गेली. म्हणजे 24 मेच्या डेन्मार्क सामुद्रधुनीतल्या लढाईतली, ब्रिटिश युद्धनौका हूडला बुडवणारी बिस्मार्क करायची असेल तर पट्टे नकोत आणि उठून दिसणारं लाल चिन्हही नको. तरीही पट्टे पुसलेले, चिन्ह लखलखीत आणि पायथ्याच्या पाटीवर ‘24 मे’ अशी मॉडेलं सर्रास दिसतात. हा खिचडी प्रकार मला खटकतो. इतिहासासाठी चिन्ह लावलं म्हणायचं आणि इतिहासच चुकवायचा, हे पटत नाही. बुडालेल्या जहाजाच्या पुढच्या डेकवर हे चिन्ह आजही ओळखू येतं, रॉबर्ट बॅलार्ड यांच्या मोहिमेला 1989 मध्ये अवशेष सापडल्यापासून त्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. ती पाहून अनेक जण चिन्ह शेवटपर्यंत उघडं होतं असं धरून चालतात.

आता किटमधली डेकल. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम 86अ नुसार अशी चिन्हं सार्वजनिकरीत्या वापरणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कला, संशोधन, शिक्षण वगैरेंसाठी कायद्यात अपवाद आहेत, पण खेळण्यांच्या आणि छंदाच्या बाजारात कंपन्या त्या अपवादावर विसंबत नाहीत. म्हणून काही शीटवर वर्तुळ कोरंच असतं, तर काहींवर स्वस्तिक दोन तुकड्यांत छापलेलं असतं आणि ते जोडायचं काम आपल्यावर सोडलेलं असतं.

या जोड-डेकलचा खरा त्रास मध्यभागी आहे. दोन तुकडे बरोबर मध्यात भिडले नाहीत तर मधोमध पांढरी फट दिसते, आणि एकावर एक चढले तर तिथे फिल्मचा उंचवटा येतो. पहिला तुकडा लावून पूर्ण वाळू द्या, त्यावर ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक लेपाचा) एक हलका हात मारा आणि मगच दुसरा लावा. म्हणजे दुसरा सरकवताना पहिला जागचा हलत नाही. दुसरा तुकडा ठेवण्याआधी खाली पाण्याचा मोठा थेंब सोडा. तो तरंगत राहिला की ओल्या ब्रशच्या टोकाने अगदी केसभरही सरकवता येतो. दिशा दोनदा तपासा. चारही भुजांची टोकं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेली हवीत. तुकडे उलटे जोडलेलं चिन्ह प्रदर्शनात लगेच पकडलं जातं. 1:700 मध्ये जोड लपून जातो, 1:350 मध्ये लपत नाही. त्यामुळे या मापात ही डेकल मी शेवटचा पर्याय धरतो.

अखंड डेकल शीट सोयीची आहे, पण डेक सपाट नाही हे ती विसरते. पुढच्या डेकवर फळ्यांच्या खाचा आहेत, छोटे उंचवटे आहेत. मोठ्या लाल पट्ट्याची फिल्म या खाचांवर ताणून बसते, खाली हवा राहते आणि वाळल्यावर रुपेरी डाग चमकतात. उपाय ठरलेला आहे. आधी ग्लॉस कोट मारून 24 तास वाळवा. डेकल कोमट पाण्यात 20-30 सेकंद बुडवून बाहेर काढा आणि कागदावरून आपोआप सुटेपर्यंत थांबा. खाली मायक्रो सेट (डेकल नीट चिकटवणारं द्रावण) लावा, डेकल जागेवर आल्यावर वरून मायक्रो सोल (फिल्म मऊ करून खाचांत बसवणारं द्रावण). मायक्रो सोल लागताच फिल्म सुरकुतते. तिथे घाबरून बोट लावायचं नाही, कारण त्या अवस्थेत ती ओल्या टिश्यूइतकी नाजूक असते. वाळल्यावर उरलेल्या बुडबुड्यांना सुईने भोकं पाडा आणि मायक्रो सोलचे आणखी दोन-तीन हात द्या.

शीट निवडताना दोन गोष्टी भिंगाखाली पाहा. लाल रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर छापलेला आहे का? नसेल तर राखाडी डेकवर लाल रंग विटकरी दिसतो. आणि पांढरं वर्तुळ लाल पट्ट्यातल्या मोकळ्या जागेत नेमकं बसलंय का? छपाई पाव मिलीमीटर सरकली तरी एका कडेला पांढरी चंद्रकोर उमटते, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही.

खऱ्या लाकडाच्या पातळ पत्र्याचा, मागे गोंद असलेला डेक चिकटवला असेल तर डेकलचा नाद सोडाच. पाणी लाकडात मुरतं, पत्रा फुगून कडा उचलतो. सील करून डेकल लावता येते, पण मग तेवढाच भाग गुळगुळीत आणि परका दिसतो.

इथे मास्क दोन्हींवर सरळ मात करतो. मूळ जहाजावर रंगच होता, आणि फवारलेल्या रंगातून फळ्यांच्या रेघा दिसत राहतात. ते डेकलला कधीच जमत नाही. विनाइल आणि पिवळा कागदी, असे दोन प्रकारचे मास्क मिळतात. खाचांच्या डेकवर कागदी घ्या. विनाइल ताठ असतं, खाचेत दबत नाही आणि रंग खालून झिरपतो.

क्रम असा ठेवा. पट्ट्याची चौकट टेपने आखा आणि टेपच्या कडेवर आधी पारदर्शक क्लिअर फवारा. जे झिरपायचं ते क्लिअर झिरपेल, रंग नाही. मग पांढऱ्याचे तीन-चार पातळ थर, हवेचा दाब 15 पीएसआयच्या आसपास, 8-10 सेंटीमीटरवरून. एका थरात झाकायला गेलात तर खाचा बुजतात. वाळल्यावर वर्तुळाची चकती चिकटवून लाल फवारा. चकती काढा, स्वस्तिकाचा मास्क बसवून शेवटी काळा. मास्क काढताना तो स्वतःवरच दुमडत, जवळजवळ सपाट ओढायचा. सरळ वर खेचला तर लाकडाचे तंतू उपटून येतात. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा टाळा. काळ्यात गडद राखाडी आणि पांढऱ्यात डेकच्या राखाडीचे थेंब मिसळा, नाहीतर चिन्ह जहाजापासून सुटं वाटतं. मास्कची एकच खरी अडचण आहे: स्वस्तिकाच्या मधल्या बारीक पुलांवर तो फाटतो. टोकदार चिमट्याशिवाय हात घालू नका.

ध्वजाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. हाकेनक्रॉइझ (नाझी स्वस्तिक) असलेला युद्धध्वज नोव्हेंबर 1935 मध्ये आला, त्याआधीच्या तारखेच्या जर्मन जहाजावर तो चुकीचा. बंदरात तो मागच्या टोकाच्या काठीवर असतो, समुद्रात मुख्य डोलकाठीच्या तिरक्या दांड्यावर. दोन्हीकडे एकदम लावलेला दिसला तर समजावं की सूचनापत्रिका न वाचता काम उरकलंय. 3 बाय 5 मीटरचा ध्वज या मापात जेमतेम 8.6 बाय 14.3 मिलीमीटर होतो. कागदी ध्वज एवढ्या आकारात ताठ उभा राहतो. डेकल पातळ ॲल्युमिनियम फॉइलवर लावून ब्रशच्या दांड्यावर वळवली तर घड्या नैसर्गिक पडतात.

मॉडेल जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात प्रदर्शनाला जाणार असेल तर आयोजकांचे नियम आधी लेखी मागून घ्या. तिथे 24 मेची बिस्मार्क नेणं हा उत्तम मार्ग आहे. डेकपुरता कायदा सांभाळला जातो आणि इतिहासही, ध्वजाचं मात्र आयोजकांना विचारूनच ठरवा. चिन्ह असलेलं मॉडेल कुठेही ठेवलं तरी पाटीवर जहाज, तारीख आणि चिन्ह कशासाठी होतं एवढं छापाच. आणि पोस्टरला, आमंत्रणाला, फोटोच्या मुखपृष्ठाला तो लाल पट्टा वापरू नका. डेकवर तो माहिती असतो, पोस्टरवर तो घोषणा होतो. या चिन्हाखाली ज्यांची माणसं मारली गेली ती कुटुंबंही प्रदर्शनाला येतात.

हेच निकष इतर शीटना लावले की बऱ्याच गळतात. जपानी नौदलाच्या 16 किरणांच्या ध्वजात सूर्य काठीकडे सरकलेला असतो. सूर्य मधोमध छापलेला असेल तर तो भूदलाचा ध्वज आहे, यामाटो या जपानी युद्धनौकेवर चालणार नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या चिलखती जहाजाच्या, व्हर्जिनियाच्या मॉडेलवर तिरक्या फुलीचा, ताऱ्यांचा आयताकृती ध्वज दिसला तर शीट बाजूला ठेवा. दक्षिणेच्या नौदलाने तो 26 मे 1863 ला घेतला, आणि व्हर्जिनिया तिच्याच खलाशांनी 11 मे 1862 ला उडवून दिली होती.